वाळूवर पोट टेकणारं जहाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जहाज वाळूला लागलं की आपण त्याला अपघात म्हणतो. मुंबईकरांना २०११ चा पावसाळा आठवत असेल. जूनमध्ये ‘विस्डम’ नावाचं, भंगारात निघालेलं जहाज जुहूच्या चौपाटीवर येऊन रुतलं. ते कसंबसं ओढून नेलं, तोवर जुलैच्या शेवटच्या दिवशी ‘पवित’ नावाचं दुसरं जहाज तिथेच येऊन बसलं. शहर बघायला लोटलं. एवढं मोठं जहाज वाळूत असहाय पडलेलं पाहून प्रत्येकजण एकच प्रश्न विचारत होता, की आता हे परत पाण्यात जायचं कसं?

जगात जहाजांची एक जात मात्र अशी आहे, की वाळूला लागणं हाच तिचा पेशा. ती मुद्दाम किनाऱ्यावर चढते, तोंड उघडते, पोटातली माणसं आणि गाड्या बाहेर काढते आणि मागच्या मागे समुद्रात परत जाते. या जहाजांना ‘उभयचर’ म्हणतात. शाळेत हा शब्द आपण बेडकासाठी शिकलो. आपल्या नौदलात अशा जहाजांची नावं ठेवणारा अधिकारी जो कोणी असेल, तो रसिक असला पाहिजे. मगर, घडियाल, कुंभीर, घोरपड, महिष, जलाश्व, ही सगळी या जातीच्या जहाजांची नावं आहेत. कुंभीर म्हणजे मगरच. महिष म्हणजे डबक्यात डुंबणारा रेडा. जलाश्व म्हणजे आपला पाणघोडा. घोरपड मराठी माणसाला वेगळी सांगायला नको, कडा चढण्याशी तिचं नाव आपल्याकडे कायमचं जोडलेलं आहे.

या यादीत एक नाव थोडं वेगळं आहे. ‘गुलदार’. हा फारसी वळणाचा शब्द. गुल म्हणजे फूल, दार म्हणजे असलेला. गुलदार म्हणजे फुलंफुलं असलेला. गढवाल-कुमाऊंकडे बिबट्याला गुलदार म्हणतात, कारण त्याच्या अंगावरचे ठिपके नुसते ठिपके नसून पाकळ्या मांडल्यासारखे असतात. माणसं मारणाऱ्या जनावराकडे पाहून ज्याला फुलं आठवली, त्या अनाम माणसाचा मला नेहमी हेवा वाटतो.

‘आयएनएस गुलदार’ हे जहाज १९८५ साली नौदलात आलं आणि १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालं. पुढे २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कारवारला ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्याजवळच्या निवतीच्या खडकांपाशी ते बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, असा बेत त्यावेळी जाहीर झाला. बातमीत ‘बुडवणार’ हा शब्द ठळक होता. या जहाजानं अडतीस वर्षं काय केलं, हे मात्र दोन ओळींत आटोपलं होतं. आज त्याविषयी बोलायचं आहे.

त्यासाठी आधी शेवटच्या शंभर हातांचा प्रश्न समजून घ्यायला हवा.

कोकणातल्या जुन्या माणसांना हा प्रश्न अंगानं माहीत होता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रात्रभर चालून बंदराच्या गावी पोचायची, पण धक्क्याला लागायची नाही. बऱ्याच ठिकाणी लागण्याजोगा धक्काच नसायचा. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की उतारूनं पाय टाकायचा, चुकला तर पाण्यात. पडावही वाळूपर्यंत जायचा नाही. मग पुरुषांनी धोतर-लुंगी वर खोचून गुडघाभर पाण्यातून चालायचं, आणि बायका, मुलं, म्हातारे खलाशांच्या खांद्यावरून किनाऱ्याला. आमच्या घराण्यात रत्नागिरीकडचे दोघं-तिघं बोटीवर सारंग होते. त्यांच्या गोष्टींमध्ये वादळं कमी आणि ही चढ-उतारच जास्त असायची. शंभर मैलांचा समुद्र एका रात्रीत कटायचा, पण या शेवटच्या शंभर हातांना तास जायचा, आणि दुखापत व्हायची ती तिथेच.

आता त्या उतारूंच्या जागी सैनिक घाला. अंगावर बंदूक, काडतुसं, पाठीवर ओझं. समोरच्या माडांत कोण लपलंय ठाऊक नाही. तोफा, खेचरं, दाणागोटा मागून यायचाय. जगातल्या कित्येक मोहिमा या शेवटच्या शंभर हातांत बुडाल्या. त्यातली एक तर मुंबईतून निघाली होती. पहिल्या महायुद्धात, १६ ऑक्टोबर १९१४ रोजी, हिंदी सैन्याची एक तुकडी मुंबई बंदरातून जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेकडे निघाली. सुमारे आठ हजार माणसं. गर्दीच्या जहाजांत, उन्हात, समुद्र लागून अर्धमेली झालेली. टांगा नावाच्या बंदराजवळ त्यांना तराफ्यासारख्या होड्यांतून उतरवलं गेलं. उतरायलाच इतका वेळ लागला की तोवर समोरचा सावध झाला. पुढे झाडीतल्या मधमाश्याही उठल्या आणि दोन्हीकडच्या सैनिकांना चावत सुटल्या. ५ नोव्हेंबरला सैन्य पुन्हा जहाजांवर चढलं, तेव्हा बंदुका, दारूगोळा, कपडे, सगळं किनाऱ्यावर टाकून आलं. समोरच्या जर्मन फौजेला त्या सामानावर पुढे कितीतरी दिवस लढता आलं.

शिवाजी महाराजांना १६६५ मध्ये हा प्रश्न इतका छळला नाही. फेब्रुवारीत ते स्वतः मालवणहून आरमार घेऊन निघाले, कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या बसरूरवर उतरले, पेठ लुटली आणि गोकर्णावरून परतले. तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी गलबतं होती. गलबताचा तळ उथळ. ते खाडीत शिरतं, वाळूला टेकतं, वल्ही मारून मागे घेता येतं. आजही कोकणात पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून शाकारून ठेवतात, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण गलबतातून रणगाडा नेता येत नाही. वजन वाढलं, इंजिन आलं, लोखंड आलं, जहाज खोल बसू लागलं आणि किनारा त्याला परका झाला.

दुसऱ्या महायुद्धात या कोड्याला पुन्हा हात घालावा लागला. १९४० मध्ये डंकर्कहून इंग्रजांचं सैन्य माघारी आलं ते अवजड शस्त्रं टाकून. परत युरोपात उतरायचं तर रणगाडे थेट वाळूवर उतरवणारी जहाजं हवीत, हे तेव्हा कळलं. अडचण अशी होती की समुद्र ओलांडायचा तर जहाज खोल बसायला हवं, नाहीतर लाटा त्याला खुळखुळ्यासारखं हलवतात. वाळूवर चढायचं तर ते उथळ असायला हवं. एकच जहाज खोल आणि उथळ दोन्ही कसं असणार? अमेरिकेत जॉन नीडरमेयर नावाच्या अभियंत्यानं नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याचं उत्तर कागदावर काढलं. जहाजाच्या तळात मोठ्या टाक्या ठेवायच्या. प्रवासात त्यांत समुद्राचं पाणी भरून घ्यायचं, जहाज खोल बसेल. किनारा जवळ आला की पाणी उपसून टाकायचं, जहाज वर येईल. युक्ती नवी नव्हती, पाणबुडी याच हिशेबानं वरखाली होते. पण ती इथे वापरावी हे सुचणं महत्त्वाचं होतं. त्या नमुन्यावर अमेरिकेनं हजाराच्या वर जहाजं बांधली. पुढची सगळी उभयचर जहाजं, आपलं गुलदार धरून, त्याच घराण्यातली.

वाळूवर चढणं ही प्रत्यक्षात काय कसरत असते, ते सांगतो. कारण या जहाजाचं सगळं शहाणपण तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. आपल्या कोळ्यांना भरती-सुकती, उधाण आणि भांग यांचा हिशेब बोटांवर पाठ असतो, तोच हिशेब इथे लागतो. चढत्या भरतीत वाळूला लागलं तर थोड्या वेळानं वाढलेलं पाणी जहाजाला आपोआप उचलतं. सुकतीत लागलं तर पाणी पायाखालून निघून जातं आणि पुढच्या भरतीपर्यंत जहाज ‘विस्डम’सारखं बघ्यांच्या हवाली होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. किनाऱ्याची वाळू जितकी तिरकी, तितकाच तिरका जहाजाचा तळ असायला हवा, म्हणजे पुढची बाजू वर आणि मागची खोल. म्हणून पुढच्या टाक्या रिकाम्या करतात, मागच्या भरतात. उतार फार सपाट असेल तर जहाज किनाऱ्यापासून दूरच टेकतं आणि मधे पाणी उरतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. किनाऱ्याकडे जात असतानाच, अजून बरंच अंतर बाकी असताना, जहाज आपल्या मागच्या बाजूनं नांगर टाकतं आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जातं. म्हणजे परतीचा दोर आधी बांधायचा आणि मग पाऊल टाकायचं. पुढे जहाज वाळूला टेकतं. नाकाचा दरवाजा उघडतो, फळी खाली येते, गाड्या उतरू लागतात. इंजिन या वेळात बंद करत नाहीत. हळू का होईना पुढे रेटत ठेवावं लागतं, नाहीतर बाजूची लाट जहाजाला आडवं फिरवते, आणि आडवं झालेलं जहाज वाळूच्या तावडीतून सहज सुटत नाही. काम संपलं की मागची तार चरकावर गुंडाळायला लागायचं, इंजिन उलटं फिरवायचं, आणि जहाज स्वतःलाच ओढत पाण्यात जातं. उतरलेल्या वजनामुळे ते हलकं झालेलं असतंच.

या सगळ्याची किंमत खलाशी भरतात. सपाट तळाचं जहाज खुल्या समुद्रात भयंकर डोलतं. विनाशिका आणि पाणबुड्यांचे फोटो छापून येतात. या जहाजांवरच्या माणसाच्या वाट्याला येतं ते डोलणं, आणि दुसऱ्यांना सुखरूप उतरवून आपण मागे फिरणं.

मी परळच्या भोईवाड्यात राहतो. भोई म्हणजे पालखी वाहणारे. आमच्या वस्तीला नाव त्यांचं आहे, पण आतल्या एका गल्लीलाही त्यांच्यातल्या कोणा माणसाचं नाव असल्याचं मला आठवत नाही. गुलदार हे आपल्या नौदलातलं भोयाचं काम करणारं जहाज होतं.

आणि खांद्यावरचं माणूस कुठे उतरवतोय, याचा अंदाज चुकला तर काय होतं, हे १९७१ मध्ये दिसलं. तेव्हाचं गुलदार वेगळं होतं. ते आणि ‘घडियाल’ ही दोन जहाजं १९६६ मध्ये सोव्हिएत संघाकडून घेतलेली. नौदलात जहाज जातं, नाव पुढच्याला मिळतं, तसं हे पहिलं गुलदार. बांगलादेशच्या युद्धात पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे पळायची वाट रोखायची म्हणून कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं ठरलं. घाई होती. तिथल्या वाळूचा उतार आधी नीट तपासायला सवड मिळाली नव्हती. डिसेंबरच्या मध्यावर जहाजं किनाऱ्याला भिडली. तळ वाळूला लागला, पण तो किनारा नव्हता. किनाऱ्याच्या अलीकडे पाण्याखाली वाळूचा बांध होता आणि त्याच्या पलीकडे पुन्हा खोल पाणी. गोरखा जवान उतरले ते थेट खोल पाण्यात. त्यातले दोघं बुडाले. शत्रूची एकही गोळी तिथे झाडली गेली नव्हती. बाकीचं सैन्य पुढे स्थानिक होड्यांतून किनाऱ्याला न्यावं लागलं. म्हणजे शेवटी पडावच कामाला आले. त्याच सुमारास ढाक्यात शरणागती झाली आणि देशानं या प्रसंगाची फारशी आठवण ठेवली नाही. नौदलानं मात्र ठेवली. किनारा नकाशावरून नाही, पायानं तपासावा लागतो, हा धडा त्यातून पक्का झाला.

आपलं गुलदार, म्हणजे दुसरं, पोलंडमध्ये बांधलं गेलं. बाल्टिक समुद्रावरच्या गदिनिया या बंदरात. हाच तो किनारा, जिथल्या गोद्यांमध्ये १९८० च्या संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी लष्करी कायद्याखाली दाबली गेली. आमचं गिरणगाव १९८२ च्या संपात होरपळत होतं, त्याच काळात तिकडचे गोदी कामगार त्यांची दडपशाही सोसत होते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या किनाऱ्यावर भारतासाठी जहाजं तयार होत होती. चीता १९८४ ला, गुलदार १९८५ च्या डिसेंबरात, कुंभीर १९८६ ला. तिघांनाही नौदलात दाखल करून घेण्याचा सोहळा तिथेच, आपल्या राजदूतांच्या हस्ते झाला.

गुलदार काही मोठं नव्हतं. लांबी त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी मीटर, रुंदी दहा मीटरच्या आत, वजन अकराशे टनांच्या आसपास. पोटात पाच-सहा चिलखती गाड्या आणि दीडशेच्या आसपास सैनिक मावायचे. वर हेलिकॉप्टर टेकण्यापुरता चौथरा, संरक्षणापुरत्या तोफा. विमानवाहू नौकेच्या शेजारी उभं केलं तर पडावासारखं दिसलं असतं.

श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा, १९८७ नंतर, ही जहाजं त्या मोहिमेत होती. १९९० पासून पाल्कच्या सामुद्रधुनीत शस्त्रांची चोरटी ने-आण रोखण्याच्या कामात होती. १९९७ मध्ये श्रीलंकेत चक्रीवादळ झालं, तेव्हा मदत घेऊन गेली. पण त्यांचं खरं घर अंदमान. पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तिथल्या तळावर ती वर्षानुवर्षं होती. अंदमान-निकोबारमध्ये बेटं शेकड्यांनी आहेत आणि धक्के थोडे. वाळूवर चढणाऱ्या जहाजाला याहून योग्य मुलूख भारतात दुसरा नाही.

निवृत्तीच्या वेळी नौदलानं या तिघांचा मिळून हिशेब दिला. बारा हजार तीनशेहून अधिक दिवस समुद्रात, म्हणजे वर्षांत मोजलं तर साडेतेहतीस. सुमारे सतरा लाख सागरी मैल, म्हणजे पृथ्वीभोवती अठ्ठ्याहत्तर फेऱ्या. आणि सैन्य उतरवण्यासाठी वाळूवर चढणं, तेराशेहून अधिक वेळा. मला या शेवटच्या आकड्याचं अप्रूप वाटतं. एकेका जहाजाच्या वाट्याला सरासरी चारशेच्या वर. म्हणजे चारशे वेळा मागे नांगर टाकून पुढे जायचं, लोखंडाचं पोट वाळूवर घासायचं आणि दर वेळी सुटून परत यायचं. यातली बहुतेक वेळ सरावाची असणार. पण सरावाची वाळूही खरीच असते, आणि लाटाही.

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला आणि सुनामी आली, तेव्हा तो सराव कामाला आला. आपल्या देशात पहिला फटका निकोबारला बसला. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. बेटांवरची वस्ती किनाऱ्यालगतची, ती वाहून गेली. इंदिरा पॉइंटकडे तर जमीनच चार मीटरहून अधिक खचली. आणि जे थोडे धक्के होते, तेही कित्येक ठिकाणी मोडले. मदत करायची तर पोचायचं कसं? मोठी जहाजं बेटासमोर येऊन उभी राहू शकत होती, कोकणातल्या बोटींसारखी. पुढचे शंभर हात पुन्हा तेच. धक्का नसलेल्या किनाऱ्यावर तांदूळ, पाणी, औषधं उतरवायची आणि जखमींना उचलायचं, हे काम ज्यांच्यासाठी अवघड नव्हतं, ती ही जहाजं. गुलदार, चीता आणि कुंभीर तिन्ही त्या मदतकार्यात होती. शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवण्यासाठी बांधलेलं जहाज आपल्याच माणसांच्या मोडलेल्या किनाऱ्यावर चढलं. त्याला त्यात काही वेगळं करावं लागलं नाही. दरवाजा तोच, फळी तीच.

सुनामीनं आणखी एक उणीव दाखवली. मदत थोडी-थोडी करून न्यावी लागत होती. हजार माणसं, शेकडो टन सामान आणि इस्पितळ एकाच वेळी नेणारं मोठं जहाज आपल्याकडे नव्हतं. म्हणून अमेरिकेचं ‘ट्रेंटन’ हे १९७१ पासून सेवेत असलेलं जहाज विकत घेतलं गेलं आणि २२ जून २००७ रोजी ते ‘जलाश्व’ झालं. पूर्ण भारासह सतरा हजार टनांच्या आसपास, गुलदारच्या पंधरापट. हे वाळूवर चढत नाही. त्याच्या पोटात पाण्याचा हौद आहे. मागचा दरवाजा उघडून टाक्या भरल्या की जहाजाची मागची बाजू खाली बसते, समुद्र आत येतो आणि आतल्या छोट्या होड्या तरंगत बाहेर पडून किनाऱ्याकडे जातात. म्हणजे बोट आणि पडाव एकाच घरात.

या खरेदीवर टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २००८ मध्ये जहाजाच्या वयावर आणि विक्रीतल्या अटींवर बोट ठेवलं. आक्रमणासाठी वापरावर मर्यादा आणि विकणाऱ्याला तपासणीचा हक्क, अशा त्या अटी होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत जहाजात विषारी वायू पसरून सहा जणांचा जीव गेला. जुनं जहाज घेण्याची ही बाजू विसरता येत नाही. पण मे २०२० मध्ये टाळेबंदीत विमानं थांबलेली असताना हेच जहाज मालदीवला गेलं आणि पहिल्या खेपेला ६९८ भारतीयांना घेऊन १० मे रोजी कोचीला आलं. त्यात १९ गर्भवती होत्या. पुढे श्रीलंका, पुन्हा मालदीव, आणि इराणही. त्या मोहिमेत नौदलानं समुद्रमार्गे जवळजवळ चार हजार माणसं घरी आणली.

अशी आणखी चार मोठी जहाजं देशातच बांधायची, ही चर्चा त्याआधीपासूनची. २०१३ मध्ये निविदा निघाली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२१ मध्ये नव्यानं माहिती मागवली, ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं गरजेला मान्यता दिली. मान्यता म्हणजे जहाज नव्हे. त्यानंतर करार, मग बांधणी, आणि त्यात वर्षं जातात. लढाऊ जहाजांसाठी जितकी निकड दाखवली जाते, तितकी वाहून नेणाऱ्यांसाठी दाखवली जात नाही. पुढची सुनामी निविदा पूर्ण होईपर्यंत थांबणार नाही. लहान कामासाठी मात्र सोय झाली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं २०१७ ते २०२१ या काळात वाळूवर चढणारी आठ नवी जहाजं बांधून दिली. गुलदारचं अंदमानातलं काम त्यांनी उचललं आहे. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत, याचं मला थोडं वाईट वाटतं.

१२ जानेवारी २०२४ ला सूर्यास्ताच्या वेळी तिन्ही जहाजांवरचे झेंडे शेवटचे उतरवले गेले. निवृत्त जहाजाची पुढची वाट मुंबईकरांना माहीत आहे. भोईवाड्याहून शिवडीच्या बाजूला निघालं की दारूखाना दूर नाही. १९७१ च्या युद्धातली जुनी ‘विक्रांत’ कित्येक वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. २०१४ मध्ये तिला दारूखान्यात आणून तोडली. तिच्या पोलादातून पुढे मोटारसायकलीसुद्धा निघाल्या. जपून ठेवायला पैसा हवा आणि धीर हवा, तो आपल्याकडे पुरला नाही.

गुलदारचं तसं झालं नाही, याचा मला आनंद आहे. बातम्यांत ‘जलसमाधी’ हा शब्द वापरला गेला, तो मात्र मला पटत नाही. समाधीत काम थांबतं. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या जहाजाचं काम तिथून सुरू होतं. त्यासाठी आधी त्याच्या अंगातलं सगळं तेल, रसायनं, तारा, विषारी रंग काढून टाकावे लागतात. पाणबुडे आत शिरून अडकू नयेत म्हणून भिंतींना वाटा पाडाव्या लागतात. मग ते सरळ बसेल अशा बेतानं बुडवायचं, आणि तेही टाक्यांत पाणी घेऊनच. सपाट वाळूच्या तळावर शेवाळाला आणि शिंपल्यांना धरायला काही नसतं. लोखंडाच्या भिंतींना ते चिकटतात, त्यांच्यामागून बारकी मासळी येते, बारक्यांमागून मोठी. प्रवाळ आला तर सावकाश येतो. केंद्र सरकारनं या योजनेसाठी जवळपास सत्तेचाळीस कोटी रुपये मंजूर केले आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं पाणबुड्यांना शिकवणारं केंद्र आहे, मालवणच्या समुद्रात पर्यटक पाण्याखाली जाऊ लागले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यामुळे जागा नीट निवडली आहे.

योजना आखणाऱ्यांनी एक प्रश्न मात्र मच्छीमारांसमोर बसून सोडवायला हवा. बुडालेल्या जहाजाभोवती मासळी गोळा होते आणि त्याच जहाजाला जाळं अडकून फाटतं. एक जाळं म्हणजे एका घराचा हंगाम. जहाज नेमकं कुठे बसलं आहे, वर खूण कोणती तरंगते आहे, त्याच्याभोवती किती अंतरापर्यंत जाळं टाकायचं नाही आणि त्या हद्दीतल्या मासळीवर हक्क कोणाचा, हे निवतीच्या, वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या तांडेलांना मराठीत, कागदावर आणि वेळेत मिळायला हवं.